स्वयंपाकघरातली विशेष सभा

प्रकरण एकोणिसावे

सूचना लावताना लोर्नाने एकच चूक केली: ती तिने अगदी नियमाप्रमाणे लावली.

ईस्टरच्या प्रकारानंतर तिने स्वतःशी शपथच घेतली होती. त्या दुपारी याच टेबलाशी, हॅमचे ताट दुसऱ्यांदा फिरत असताना, तिचा नवरा आर्विड आणि नणंद सिग्ने यांनी शाळेचे छप्पर हिरवे रंगवायचे असे बोलता बोलता ठरवून टाकले. त्या भावाबहिणीचे एखाद्या गोष्टीवर एकमत व्हावे, ही खरे तर चर्चची घंटा वाजवावी अशी घटना. पण स्टोनबोट शाळा-जिल्ह्याच्या मंडळात सदस्य तीन. आणि तिघांपैकी दोघे कुठेही बसून शाळेविषयी बोलू लागले की कायद्याच्या दृष्टीने ती सभा होते, मधे हॅम असो वा नसो. सभा म्हटली की अठ्ठेचाळीस तास आधी सूचना हवी, दार लोकांना उघडे हवे आणि इतिवृत्त हवे. शेजारच्या व्हर्ना ओडेगार्डने सरकारी वकिलाला पत्र लिहिले. निर्णय रद्द होईपर्यंत रंगारी छपराच्या मध्यावर पोचला होता. पूर्वेकडून येणाऱ्याला ती शाळा आजही हिरवी दिसते आणि पश्चिमेकडून येणाऱ्याला गंजलेली.

लोर्ना त्या मंडळाची चिटणीस होती. बावीस वर्षांत तिच्या इतिवृत्तात खाडाखोड नव्हती, आणि ईस्टरची ती हिरवी खाडाखोड मात्र दहा मैलांवरून दिसत होती. आता नोव्हेंबरचा तिसरा शनिवार आला. हॉगलंड घराण्यात त्या दिवशी लेफसा करतात. शंभरएक बटाट्याच्या पोळ्या, कागदासारख्या पातळ. आर्विड येणार, सिग्ने येणार, आणि शाळा पुढच्या वर्षी चालू ठेवायची की बंद करायची, हा प्रश्न मंगळवारच्या सभेपुढे असताना ही दोघे सहा तास एका तव्याशी उभी राहून हवापाण्यावर बोलतील, असे मानण्याइतकी लोर्ना भाबडी नव्हती. म्हणून तिने टपाल कचेरीच्या, चर्चच्या आणि शाळेच्या दारावर कागद लावला:

‘विशेष सभा. शनिवार, सकाळी दहा. स्थळ: हॉगलंड यांचे स्वयंपाकघर. विषय एक: लेफसा. विषय दोन: शाळेचे पुढील वर्ष, चर्चा व आवश्यक असल्यास निर्णय. सर्वांना प्रवेश खुला.’

शेवटचे वाक्य छापील नमुन्यातच होते. ते कुणी मनावर घेईल, असे तिला वाटले नव्हते.

साडेनऊला अंगणात अकरा गाड्या उभ्या होत्या. पावणेदहाला एकोणीस. माणसे आत येताना दाराशी बूट काढत होती, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काखेत घरचे लाटणे होते.

“विषय एक लेफसा आहे ना?” व्हर्ना ओडेगार्डने दारातच विचारले. “मग रिकाम्या हाताने कशी येऊ? हे माझ्या सासूचं लाटणं. तुमच्यापेक्षा बारीक खाचा आहेत याला.”

“व्हर्ना, अगं, ते नुसतं... ते फक्त कायद्यापुरतं लिहिलं होतं.”

“मी कायद्यापुरतीच आले आहे,” व्हर्ना म्हणाली, आणि ओट्याजवळची सगळ्यांत चांगली खुर्ची धरून बसली.

*

सिग्ने आली तेव्हा तिला भावाच्या अंगणात गाडी लावायला जागा मिळाली नाही. गुरांच्या कुंपणापाशी गाडी उभी करून, बटाट्याच्या गोळ्यांचे पातेले पोटाशी धरून ती गोठलेल्या चिखलातून चालत आली, आणि चालता चालता तिचा राग पातेल्यातल्या गोळ्यांसारखा घट्ट होत गेला.

शाळा बंद करण्याचा प्रस्ताव तिचा होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. का, हे मात्र कुणाला नव्हते. ती स्वतः त्या शाळेत आठ वर्षे शिकली होती. तिथल्या फळ्याचा वास तिला अजून आठवे, आणि हिवाळ्यातल्या काही सकाळी तो विनाकारण तिच्या स्वयंपाकघरात येई. पण ऑक्टोबरमध्ये कोल्टर शहराच्या वर्तमानपत्रात राज्याच्या परीक्षेचे निकाल छापून आले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच स्टोनबोटच्या नावापुढे आकडा होता.

त्याआधी तिथे नेहमी चांदणी असे. परीक्षेला बसलेली मुले दहापेक्षा कमी असली की राज्य आकडा छापत नाही, चांदणी छापते; कुणाचे मूल कोणते, हे ओळखू येऊ नये म्हणून. शाळेत मुले चौदा, त्यांतली परीक्षेच्या वयाची आठ किंवा नऊ. तेवीस वर्षे स्टोनबोट त्या चांदणीखाली सुखाने राहिले. मग मार्च महिन्यात आर्विडची मुलगी गुड्रून नवऱ्याला सोडून बिलिंग्सहून माहेरी परतली, बरोबर तिची टिल्डा आली, आणि परीक्षेला दहा मुले बसली. चांदणी गेली. छापून आले: वाचन, चाळीस टक्के.

म्हणजे दहांत चार मुलांना वाचता येते. मोठ्या शहरात तो नुसता आकडा असतो. स्टोनबोटमध्ये ती सहा मुलांची नावे होती, फक्त कोणती ते लिहिलेले नव्हते. त्या आठवड्यात चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी प्रत्येक जण पुढच्या बाकावरच्या मुलांची डोकी मोजत होता.

सिग्नेनेही मोजली होती. तिचा नातू नील्स सहावीत होता. त्याची आई रोंडा निकालाचे पाकीट दाखवत नव्हती. “ठीक आहे हो, आई,” एवढेच म्हणे, आणि विषय बदले. सूनबाई विषय बदलते तेव्हा काहीतरी असते. ठीक असलेले पाकीट फ्रीजवर लागते.

“सिग्ने, पातेलं इकडे दे,” आर्विड दारात येऊन म्हणाला. “गाडी कुठे लावलीस?”

“तुझ्या बैलाशेजारी. तोच एक नमस्काराला उभा होता. आणि हे काय मांडलंय घरात? लग्न आहे का?”

“सभा आहे.”

“मंगळवारी आहे.”

“आजही आहे. लोर्नाने सूचना लावली.”

सिग्नेने वहिनीकडे पाहिले. लोर्ना टेबलाच्या टोकाशी वही उघडून बसली होती आणि तिच्या गालावर पिठाचा पट्टा होता. “मी तुम्हा दोघांना ओळखते,” ती म्हणाली, “म्हणून.”

*

गुड्रून तव्याशी उभी होती. हातात लांब चपटी काठी. तिने ती पोळीखाली सरकवायची, एका झटक्यात उलटायची, आणि पोळीवर तपकिरी ठिपके आले की फडक्यांच्या घडीत ठेवायची. या कामाला बोलावे लागत नाही, म्हणून तिने ते मागून घेतले होते. खिडकीबाहेर, गोठ्याच्या उतारावर मुले एका जुन्या पत्र्यावर बसून घसरत होती. टिल्डाची तांबडी टोपी त्यांच्यात होती. ओरडणाऱ्यांत नव्हती, पण त्यांच्यात होती.

बिलिंग्सच्या शाळेत टिल्डा बोलायची थांबली. एका दिवसात नव्हे. नळ बंद झाल्यावर पाइपातले पाणी ओघळून संपावे तशी. घरी आईशी कुजबुजे, बाहेर नाही. इथल्या शिक्षिका मिस पेल रोज दुपारी तिच्या शेजारी बसून स्वतःच मोठ्याने वाचत, काही विचारत नसत. ऑगस्टमध्ये एक दिवस टिल्डाने त्यांचा चुकलेला शब्द दुरुस्त केला. मिस पेल मुद्दाम चुकल्या होत्या की काय, हे गुड्रूनने कधी विचारले नाही. काही उपकार विचारले की हलके होतात.

शाळा बंद झाली तर टिल्डा कोल्टरला जाणार. एकतीस मैलांची बस, आणि वर्गात पुन्हा सत्तावीस मुले. पण मते तीन होती. सिग्ने आत्या बंद करा म्हणणार, बाबा चालू ठेवा म्हणणार, आणि वेंडेल क्राऊस काय म्हणेल ते देवालाही ठाऊक नव्हते. किमान बाबा आहेत, एवढ्या आधारावर ती महिनाभर झोपत होती.

बाबांशी तिचे या विषयावर एक अक्षरही बोलणे झाले नव्हते. खरे तर मुलगी म्हणजे काही मंडळाची सदस्य नव्हे. तिला बोलायला मनाई नव्हती. पण आईने ईस्टरनंतर घरात असा वचक बसवला होता, की जेवताना कुणी “फळा” म्हटले तरी मीठ पुढे सरकवले जाई.

वेंडेल क्राऊस दहाला पाच मिनिटे असताना आला. बावीस मैलांवरून. वर्षातून सरासरी तीन वाक्ये बोलणारा, पंचेचाळिशीचा अविवाहित माणूस. मंडळावर निवडून आला, कारण नको म्हणायला लागणारे शब्द त्याला वेळेत सापडले नाहीत. या देशातल्या सगळ्या कायद्यांत त्याला सभेचा हा कायदा सर्वांत उदात्त वाटे. त्याच्यामुळे मंडळातले कुणीही त्याला रस्त्यात, दुकानात, पेट्रोल भरताना अडवून शाळेविषयी बोलू शकत नव्हते, आणि ज्यांना बोलता आले असते त्यांनाही तो तसेच सांगत असे.

“बस, वेंडेल,” आर्विड म्हणाला. “कॉफी?”

वेंडेलने मान हलवली, आणि ती होकारार्थी होती असे सर्वांनी समजून घेतले.

*

खताच्या कंपनीने दिलेल्या दिनदर्शिकेवर झेंड्याचे चित्र होते. सर्वांनी तिकडे तोंड करून, एका हातात लाटणे आणि दुसरा हात छातीवर, अशी सभेच्या सुरुवातीची प्रतिज्ञा म्हटली. मग अध्यक्ष आर्विड हॉगलंड यांनी टेबलावर उलथणे आपटून सभा सुरू केली.

“विषय एक,” तो म्हणाला. “लेफसा.”

“जाड लाटताय तुम्ही,” व्हर्ना म्हणाली.

“लोकांनी बोलायची वेळ नंतर आहे, व्हर्ना.”

“तोवर करपतील.”

“इतिवृत्तात लिहू का?” लोर्नाने विचारले.

“करपतील ते लिही,” सिग्ने म्हणाली. “ते तरी खरं आहे.”

विषय एक पाऊण तास चालला. लोणी किती, साय घालावी की दूध, बटाटे रात्रीच कुस्करून ठेवावेत की सकाळी, यावर सोळा जण बोलले. शाळेच्या सभेला एरवी जेमतेम दोघे येतात. आर्विडला मनातून बरे वाटत होते. माणसे किती प्रेमाने भांडतात, त्याला वाटले. आणि विषय दोन कधी येऊच नये, असेही वाटले. पण लाटलेले सगळे तव्यावर जातेच.

“विषय दोन,” लोर्ना म्हणाली.

तव्यावरची पोळी फुगली आणि एक उसासा टाकून बसली.

सिग्ने उभी राहिली. हाताला पीठ होते, म्हणून तिने हात अंगापासून दूर धरले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. “मी प्रस्ताव मांडते, की स्टोनबोट शाळा या वर्षअखेरीस बंद करावी आणि मुलांना कोल्टरला पाठवावं. चाळीस टक्के! चाळीस! आमच्या वेळी एकच मास्तरीण होती आणि आम्ही सगळे वाचत होतो.”

“तू वाचत होतीस,” मागून कुणीतरी म्हणाले. “आर्विड चित्रं बघायचा.”

“अनुमोदन?” लोर्नाने नियमाप्रमाणे विचारले, आणि लेखणी खाली ठेवली, कारण अनुमोदन मिळणार नव्हते. वेंडेल कधी अनुमोदन देत नसे, आणि आर्विड देणे शक्य नव्हते. अनुमोदन नसले की प्रस्ताव मरतो, आणि मग जेवायची वेळ होते.

“माझं,” आर्विड म्हणाला.

गुड्रूनच्या काठीवरची पोळी मधोमध फाटली.

“कुणाचं?” लोर्ना म्हणाली.

“अगं, माझं अनुमोदन आहे. लिही.”

“अध्यक्षाला देता येतं का?” व्हर्नाने विचारले.

“तिघांच्या मंडळात येतं,” लोर्ना यंत्रासारखी म्हणाली. छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस प्रथमच तिला अनोळखी वाटत होता.

सर्वांत जास्त हादरली ती सिग्ने. आयुष्यभर ती ज्या भिंतीवर ढुशा देत आली, ती भिंत बाजूला सरकली होती आणि ती तोल जाऊन पलीकडे पडत होती. “तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” ती म्हणाली. “मी म्हणते म्हणून तू?”

“तू म्हणतेस म्हणून नाही.”

“मग?”

आर्विडने खिडकीबाहेर उताराकडे पाहिले. वर्तमानपत्र आले त्या संध्याकाळी गोठ्यात उलट्या बादलीवर बसून त्याने बोटांवर ती सहा मुले मोजली होती, आणि मोजता मोजता शेवटचे बोट नातीचे निघाले. परीक्षेच्या वेळी येऊन तीन आठवडे झालेले, तोंडातून शब्द न काढणारे मूल. तिने कागदावर काय लिहिले असेल? पुढच्या वर्षी पुन्हा दहा मुले, पुन्हा आकडा, पुन्हा चर्चमध्ये सगळ्यांचे डोळे त्या तांबड्या टोपीवर. कोल्टरला तिच्या इयत्तेत साठ मुले होती. साठांत एक मूल विरघळून जाते. वादळ आले की अशक्त वासराला कळपाच्या मध्यभागी ढकलायचे असते, हे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते, आणि मुलांविषयी त्याला वासरांपेक्षा वेगळे काही ठाऊक नव्हते.

“आता लोकांनी बोलावं,” लोर्ना कोरड्या आवाजात म्हणाली, आणि तिने अंडी उकडायचे घड्याळ टेबलावर ठेवले. “प्रत्येकी तीन मिनिटं. कुणाला बोलायचंय?”

“मला,” गुड्रून म्हणाली.

“तू तव्यावर आहेस.”

“तवा कुणीतरी घ्या.”

वेंडेल क्राऊस उठला, त्याने तिच्या हातून काठी घेतली, आणि कुणी काही म्हणायच्या आत एक पोळी निर्दोष उलटली. याविषयी त्या घरात पुढे अनेक वर्षे बोलले गेले.

गुड्रूनला लोकांपुढे बोलायची सवय नव्हती. ती टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली आणि लाटण्यांकडे पाहत बोलली. “सहांतली शेवटची माझी आहे. टिल्डा. तुम्ही सगळे रविवारी मोजत असता, तर एक तरी नक्की करून टाका.”

“गुड्रून!” आर्विड म्हणाला. “हे सांगायचं नसतं. कायदा आहे. गुप्त असतं ते.”

“कायदा शाळेला आहे, बाबा. मी आई आहे. तुम्ही... तुम्ही तिच्यामुळे केलंत ना हे? अनुमोदन?”

आर्विड टेबलावरच्या उलथण्याशी चाळा करत राहिला. “तिथे साठ मुलं आहेत,” तो हळूच म्हणाला. “कळपात कुणाला दिसत नाही.”

“बिलिंग्सला ती कळपाच्या मध्यभागीच होती, बाबा. दोन वर्षं. ती बोलायची थांबली, ते वर्गात कुणाला चार महिने कळलं नाही. चार महिने! शिक्षिका मला म्हणाली, तुमची मुलगी फार शहाणी आहे हो, काही त्रास देत नाही.” ती आता लाटण्यांवरून बापाकडे वळली. “इथे तिने पहिल्या दिवशी डबा उघडला नाही, तर बारा वाजता मला फोन आला. चाळीस टक्के तर चाळीस टक्के. मला ती दिसायला हवी आहे.”

घड्याळ अजून टिकटिकत होते. तिची दीड मिनिटे उरली होती, आणि ती तिने कुणाला दिली नाहीत.

मग व्हर्ना ओडेगार्डने सासूचे लाटणे मांडीवर आडवे ठेवले आणि घसा खाकरला. “आमचा कोल्बीसुद्धा आहे. सहांत. लिही, लोर्ना. त्याला वाचता येतं, पण तो प्रश्न वाचून हसतो आणि पुढे जातो.”

“आमच्या दोघी आहेत,” खिडकीपाशी उभ्या असलेल्या जुळ्यांच्या बापाने सांगितले. “एकीचं दुसरीने पाहून लिहिलं. पहिलीचंच चुकलं होतं.”

“आमचा मोठा.”

“आमचा पण. तो त्या दिवशी आजारी होता. म्हणजे, झाला असता तर बरं झालं असतं.”

लोर्ना भराभर लिहीत होती. मग ती थांबली, बोटे मोजली, आणि चष्म्यावरून पाहिले. “सहा झाले.”

“माझी कॅसिडी राहिली,” हॉइट लिंडक्विस्ट म्हणाला.

“अहो, कॅसिडी कशी असेल? ती आठवीची पुस्तकं वाचते. ती वरच्या चौघांत आहे.”

“कशावरून? मी पाकीट अजून उघडलेलं नाही. भीतीच वाटते हो. आणि सगळ्यांची आहेत, तर माझी का नको?”

“सहाच जागा आहेत, हॉइट!”

“मग प्रतीक्षायादीत घाला.”

स्वयंपाकघरात असा हशा पिकला की बाहेरची मुले क्षणभर घसरायची थांबली. आणि त्या हशातून, उशिरा, जणू दाराशी बूट काढत थांबलेला पाहुणा आत यावा तसा, सिग्नेचा आवाज आला.

“नील्स,” ती म्हणाली. “शेवटचा नील्स असेल. टिल्डा नाही. रोंडा पाकीट दाखवत नाही.” तिने पिठाचे हात एप्रनला पुसले; आधीच पांढऱ्या असलेल्या एप्रनला. “मला वाटलं, शाळाच वाईट आहे. म्हणजे मग तो नाही.”

आर्विडने आपल्या बहिणीकडे पाहिले, आणि त्याला कळले की गेला महिनाभर त्या दोघांनी एकच गोष्ट उराशी धरली होती, एकाच गावात राहून, कायद्याचे तंतोतंत पालन करत.

“मतदान,” लोर्ना म्हणाली. तिचा चष्मा धुरकट झाला होता; तव्याची वाफ असेल. “प्रस्ताव: शाळा बंद करावी. वेंडेल?”

वेंडेलने पोळी उलटली. “नाही,” तो म्हणाला. मग, वर्षातली शिल्लक एकदाच खर्चून टाकावी तसा, “मी शाळेत बोलत नव्हतो. मला तिथे कुणी घाई केली नाही.”

“सिग्ने?”

“हो.”

“अगं, आत्या!” गुड्रून म्हणाली.

“प्रस्ताव माझा आहे. मी मांडलेली ताटं उचलत नाही. मोजा की पुढे! मला काय विचारता?”

“आर्विड?”

एक मत बंद करायला, एक चालू ठेवायला. तवा, लाटणी, एकोणीस गाड्यांची माणसे, सगळे त्याच्याकडे पाहत होते. आर्विडला वासरे आठवत होती. वादळानंतरची ती सकाळ, जेव्हा कळप पांगतो आणि मध्यभागी दडवलेले वासरू पायदळी आलेले सापडते. तसे एकदा झाले होते. बापाने त्याविषयी काही शिकवले नव्हते, नुसते फावडे आणून दिले होते.

“नाही,” तो म्हणाला.

लोर्नाने लिहिले आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवले: “प्रस्ताव, सिग्ने हॉगलंड टॉफ्ट. अनुमोदन, आर्विड हॉगलंड. विरोधात, आर्विड हॉगलंड. प्रस्ताव एक विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. शाळा चालू.”

“साठ वर्षांत पहिल्यांदा तुला माझं काहीतरी पटलं होतं,” सिग्ने म्हणाली, “आणि ते एकोणीस मिनिटं टिकलं.” पण ती खाली बसताना गुड्रूनजवळच्या खुर्चीवर बसली, आणि गुड्रूनला आपल्या मांडीजवळ ओढून घेत तिच्या केसांतले पीठ झटकू लागली. त्या प्रयत्नात तिने तिथे आणखी पुष्कळ पीठ लावले.

*

आर्विड बाहेर आला. आतला ऊबदार गलका दारामागे राहिला आणि थंडी त्याच्या कानांना चावली. टिल्डा पायरीवर बसली होती. दुसरी मुले पत्रा ओढत उतार चढत होती. ती कदाचित दमली होती, कदाचित वाट पाहत होती. तो तिच्याशेजारी बसला. मार्चपासून या नातीने त्याला उद्देशून उच्चारलेले शब्द त्याला मोजता आले असते: हो, नाही, गाय, आणि एकदा, मध्यान्हीच्या उन्हात, ‘आजोबा, टोपी’.

“आत सगळे का हसत होते?” टिल्डाने विचारले.

तो दचकला. मग दचकल्याचे लपवत म्हणाला, “ती परीक्षा होती ना वसंतात. तिच्याबद्दल.”

“ती?” टिल्डा म्हणाली. “ती आम्ही लावली आहे.”

“काय लावलंय?”

“यादी. पाकिटं आली ना, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी झोक्यापाशी ती न उघडता उन्हाला धरली, आतलं दिसतं, आणि आपापले आकडे सांगितले. वर कॅसिडी. मग दोन ओडेगार्ड, कोल्बी नाही, त्याच्या मोठ्या बहिणी. मग ड्वेन. मग नील्स पाचवा. तो रडला, कारण त्याला चौथा यायचं होतं, एकच मार्क कमी पडला. त्याने पाकीट आईला द्यायच्या आधी खिशातच भिजवलं.” तिने हातमोज्यातून एक एक बोट सरळ केले. “कोल्बी आठवा, पण तो म्हणतो त्याने मुद्दाम केलं. जुळ्या दोघींचं सारखंच. शेवटची मी. मी तेव्हा नुसतं नाव लिहिलं होतं. कॅसिडी म्हणाली, नाव तरी बरोबर लिहिलंस, कोल्बीचं तेही चुकलं.”

आर्विडला आत जाऊन सिग्नेला पाचवा म्हणून ओरडून सांगायचे होते. गुड्रूनला सांगायचे होते. पण उठले तर हे थांबेल, अशी भीती वाटून तो पायरीवर, गोठलेल्या लाकडावर, हलला नाही. उतारावरून कुणीतरी टिल्डाला हाक मारली. तिने ‘आले’ म्हणून हात केला, पण ती गेली नाही.

“मग?” आर्विड म्हणाला.

“मग काय,” टिल्डा म्हणाली, “मग मिस पेल आल्या, आणि ड्वेनने पाकीट पायाखाली लपवलं, पण त्याचे पाय ना, आजोबा, खूपच लहान आहेत...” आणि ती पुढचे सांगू लागली.